वाळवंटातली पहिली बादली

चांदूर रेल्वे हे आमच्या गावाचं नाव सांगितलं की परगावचा माणूस आधी हसतो. गावाला ‘रेल्वे’ हे आडनाव कसं काय लागलं, म्हणून विचारतो. मग त्याला समजावून सांगावं लागतं, की अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं, मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गाला खेटून बसलेलं. ही रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तेव्हापासून आमच्या गावाने गाड्या येताना-जाताना पाहिल्या. मीही जन्मभर पाहिल्या. शाळा सुटली, की फलाटावरच्या बाकावर जाऊन बसायचं आणि कोणती गाडी कुठे जाते ते ओळखायचं, हा माझा छंद. मात्र त्या गाड्यांमध्ये बसण्याचा योग फार थोड्या वेळा आला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सौ.ला एक वचन देऊन बसलो होतो. एकदा राजस्थानचं वाळवंट दाखवीन म्हणून. वाळवंटच का, तर त्याला कारण शेजारच्या दादीजी. आमच्या शेजारी किराणा दुकानवाल्या शेठजींचं घर. त्यांची आजी पोकरणकडची. नवरी होऊन चांदूरला आली ती इथलीच झाली, पण गोष्टी मात्र तिकडच्या सांगायची. सौ. नवी नवरी, घरात तिला बोलायला कुणी नाही, म्हणून दुपारी दादीजींकडे जाऊन बसे. वाळूने भांडी कशी घासतात, खाटेवर बसून आंघोळ कशी करतात आणि खाटेखाली परातीत साठलेलं पाणी जनावरांना कसं पाजतात, हे सगळं तिने तिथे ऐकलं. दादीजींचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. तूप सांडलं तर सांडू द्या, पण पाणी सांडलं की जीव जळतो.

दादीजी गेल्या. वचन तसंच राहिलं. एका वर्षी बोअर घेतली, ती कोरडी गेली. पुढच्या वर्षी दुसरी घेतली. मग वडिलांचं आजारपण, मुलीचं शिक्षण, मुलीचं लग्न. तेहेतीस वर्षं अशी गेली. सौ.ने कधी आठवण करून दिली नाही, आणि तिने आठवण करून दिली नाही याचंच मला अधिक ओझं वाटे. शेवटी मी निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या मुलीनेच सूत्रं हातात घेतली. तिकिटं काढली, जैसलमेरच्या किल्ल्याच्या आत एक खोली ठरवली आणि फोनवर म्हणाली, “बाबा, आता कारणं सांगू नका.”

गेल्या दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झालं आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, तेव्हा आम्ही निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, चिवडा हे सामान अपेक्षितच होतं. पण सौ.ने दहा लिटरचा पाण्याचा कॅनही बांधून ठेवलेला पाहिला, तेव्हा मात्र मी वैतागलो.

“अवं, सगळीकडे बाटल्या मिळतात आता.”

“मिळत असतीन. वाळवंटात चाललो ना आपण? घरचं पानी सोबत असलं म्हंजे जिवाले बरं वाटते.”

कॅन सोबत आला.

बडनेऱ्याहून रात्रीची अहमदाबादची गाडी, अहमदाबादेत एक दुपार, तिथून पुन्हा रात्रीचा प्रवास. हे दोन दिवस मी सहलीत धरत नाही. आमच्या सहलीचा खरा पहिला दिवस उजाडला तो जोधपूरच्या फलाटावर. अंधार होता, थंडी चांगलीच झोंबत होती आणि जैसलमेरला जाणारी गाडी उभी होती. आम्ही खिडकीजवळच्या समोरासमोरच्या जागा धरल्या. तेहेतीस वर्षांपूर्वीची नवरी आपल्या समोर बसली आहे, असं मला उगाचच वाटून गेलं. तिने मात्र आधी कॅनचं झाकण घट्ट आहे का ते तपासलं.

उजाडलं तेव्हा बाहेर जमीन पसरलेली होती. वाळवंट म्हणजे वाळूचे नुसते डोंगर, अशी आपली सिनेमाने करून दिलेली समजूत. तसं नव्हतं. भुरी, सपाट जमीन, मधून मधून खुरटी झुडपं, रुईसारखी दिसणारी आकाची झाडं आणि एकेकटी उभी असलेली खेजडी. खेजडी म्हणजे आपलीच शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, ती इथे जनावरांना पाला देते, माणसांना शेंगा देते आणि सावलीही देते. राजस्थानने तिला राज्यवृक्ष केलं आहे. मध्येच एखाद्या ढाणीजवळ पांढऱ्या घुमटाचं, झाकण बसवलेलं गोल बांधकाम दिसे. ते टांकं. अंगणात पडलेलं पावसाचं पाणी उताराने त्यात उतरतं आणि वर्षभर पुरवून वापरलं जातं.

फलोदी स्टेशन आलं. मला वर्तमानपत्रात वाचलेलं आठवलं. १९ मे २०१६ ला याच फलोदीत ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं, तो देशातला उच्चांक ठरला. आम्ही वऱ्हाडी माणसं उन्हाळ्याच्या बाबतीत जरा मिजास करतो. अकोल्याचा पारा किती चढला, हे उन्हाळ्यात पाहुण्याला अभिमानाने सांगतो. फलोदीच्या पाटीकडे पाहून मी ती मिजास मनातल्या मनात खाली ठेवली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला रंगीत साफा, हातात पितळी लोटी. त्यांनी पाणी प्यायलं ते ओठ न लावता, वरून धार धरून. शेवटचे दोन थेंब तळहातावर घेतले आणि डोळ्यांना लावले. सौ. ते पाहत होती. त्यांचंही लक्ष आमच्या कॅनकडे गेलं होतं. कुठून आलात, त्यांनी विचारलं. मी अमरावती म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

“उमरावती! बराड!”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या चुलत्याचं अकोल्यात दुकान होतं. त्यांच्या लहानपणी घरात ‘दिसावर’ हा शब्द नेहमी कानावर पडे. दिसावर म्हणजे कमाईसाठी धरलेला परमुलूख. कुणाचा दिसावर कलकत्ता, कुणाचा हैदराबाद, त्यांच्या घराचा वऱ्हाड. तिकडून पत्र आलं, की त्यात दोन गोष्टी हटकून लिहिलेल्या असत. कापसाचा भाव काय आहे आणि पाऊस किती झाला. पावसाचं वाचून घरातल्या बायका तोंडात बोट घालत, म्हणाले, की इतकं पाणी त्या मुलखातले लोक ठेवतात तरी कुठे?

त्यांच्या दृष्टीने ही जुनी आठवण होती. मला मात्र तो प्रश्न जैसलमेरपर्यंत टोचत राहिला. इतकं पाणी आम्ही ठेवतो तरी कुठे?

वऱ्हाड आणि मारवाड यांचं नातं तसं जुनं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. त्या रुळांवरून कापूस मुंबईला गेला आणि त्याच काळात राजस्थानातली कितीतरी घराणी आमच्याकडे आली. गावोगाव त्यांच्या पेढ्या, दुकानं आणि जिनिंगचे कारखाने उभे राहिले. शेजारच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज हे जन्माने सीकरकडचे, लहानपणी वर्ध्याच्या बजाज घराण्यात दत्तक आलेले, हे तर सर्वश्रुत आहे.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र मला जैसलमेरच्या वाटेवर कळली. जैसलमेर हे एके काळी उंटांच्या तांड्यांचं शहर. सिंधकडे आणि त्याही पलीकडे जाणारा व्यापार त्याच्या वेशीवरून जाई, आणि त्याच्या जकातीवर शहर श्रीमंत झालं. पुढे मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रामार्गे जाऊ लागला आणि तांडे रोडावले. १९४७ मध्ये फाळणी झाली, तेव्हा उरलीसुरली वाटही बंद झाली. ज्या मुंबई बंदराने वऱ्हाडचा कापूस उचलला, त्यानेच जैसलमेरच्या उंटांच्या पाठीवरचं ओझं उतरवलं. आमची सुबत्ता आणि त्यांची ओढगस्त एकाच बंदरातून निघाली.

पोकरणला ते गृहस्थ उतरले. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे सगळ्या जगाला माहीत झालेलं हे गाव. सौ.ला मात्र ते दादीजींचं माहेर. ती दारापर्यंत गेली, फलाटाकडे पाहून तिने नकळत हात जोडले आणि परत येऊन बसली. मी काही विचारलं नाही.

दुपार व्हायच्या आत जैसलमेर आलं. स्टेशनाबाहेर रिक्षात बसलो आणि एका वळणावर किल्ला एकदम समोर उभा राहिला. ११५६ मध्ये रावळ जैसल या भाटी राजाने त्रिकूट टेकडीवर हे ठाणं वसवलं. पिवळ्या वालुकाश्माचा तट, त्याला ९९ बुरूज आणि ऊन पडलं की सगळाच सोन्याचा भासणारा. सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट काढला, तेव्हापासून बंगाली माणसाची ती काशीच झाली आहे. २०१३ मध्ये राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत हाही आहे. पण या किल्ल्याचं वेगळेपण असं, की हा ओस पडलेला नाही. आत आजही काही हजार माणसं राहतात. गल्ल्या आहेत, जैन मंदिरं आहेत, दुकानं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत आणि रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाईही आहेत.

एकामागून एक वेशी ओलांडून, चढ चढून आम्ही मुक्कामी पोचलो. एका कुटुंबाचंच जुनं घर. वरच्या मजल्यावर तीन खोल्या प्रवाशांसाठी केलेल्या. आमच्या खोलीला दगडी झरोका होता आणि त्यातून खाली सगळं गाव आणि पलीकडे क्षितिजापर्यंत वाळवंट दिसत होतं. मी झरोक्यापाशी जाऊन सौ.ला हाक मारली. तेहेतीस वर्षांनी वचन पुरं होण्याचा तो क्षण मी मनात किती वेळा रंगवला होता. उत्तर आलं ते न्हाणीघरातून.

“अवो, नळाले पानी येऊन राह्यलं!”

मी जाऊन पाहिलं. तिने बादली भरायला लावली होती. शेजारचा टब भरून झाला होता. मग, तांब्या, सगळं काठोकाठ भरलेलं होतं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“अवं, हे हॉटेल आहे. पाणी जात नाही इथलं.”

“भरून ठिवलेलं बरं असते,” ती म्हणाली, आणि मग माझ्याबरोबर झरोक्यापाशी आली. समोरचं दृश्य पाहून ती गप्प झाली. आम्ही दोघंही किती वेळ तसेच उभे होतो. तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज झाला. बादली भरून वाहत होती, पाणी न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

त्या आवाजाने घरातली म्हातारी वर आली. मालकाची आई. रागावली नाही. तिने आधी नळ बंद केला, मग सौ.चा हात धरून तिला पलंगावर बसवलं आणि हिंदीत म्हणाली, “बेटी, अब यहाँ पानी आने की चिंता नहीं है। जाने की चिंता है।”

पाणी जाण्याची चिंता कशी? आम्हाला कळेना. तेव्हा तिने खिडकीतून शेजारच्या भिंतीला गेलेली तिरकी भेग दाखवली. बाकीचं तिच्या मुलाने चहा पिता पिता समजावून सांगितलं.

हा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती अखंड कातळाची नाही. तिच्यात मऊ खडकाचे आणि मातीचे थर आहेत. शेकडो वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण पाऊसच मुळात थोडा, आणि जो पडे तो वाहून जावा म्हणून पूर्वजांनी चारी दिशांना नाल्या काढून ठेवल्या होत्या. विहिरीचं किंवा खालच्या तळ्याचं पाणी बायका डोक्यावरून चढवून आणत. जे पाणी डोक्यावरून आणावं लागतं ते कुणी ओतून देत नाही. मग स्वातंत्र्यानंतरच्या काळात नळ आले, संडास आले, न्हाणीघरं आली, प्रवाशांसाठी खोल्या झाल्या. पाणी वर येण्याची सोय झाली, पण ते खाली नेण्याची सोय तेवढी पक्की झाली नाही. झिरपलेलं पाणी टेकडीच्या पोटात गेलं, मातीचे थर फुगले, सरकले, आणि नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव आलं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पावसातही तटाचा काही भाग कोसळला.

ज्या किल्ल्याला शत्रूच्या वेढ्यांनी आणि दुष्काळांनी धक्का लावला नाही, त्याला नळाच्या पाण्याने पोखरलं. मी मास्तर माणूस. एखादी गोष्ट कळली, की ती मुलांना कशी सांगावी हे लगेच मनात जुळवायला लागतो. त्या दिवशी जुळवता आलं नाही. आम्ही सांडलेली बादली त्या टेकडीच्या पोटात उतरते आहे, असं सारखं वाटत होतं.

दुपारी त्याच घरी जेवलो. बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरीची भाजी. केर म्हणजे तिथल्या काटेरी झुडपाची फळं आणि सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या शेंगा. हंगामात वाळवून ठेवायच्या आणि वर्षभर खायच्या. सौ.ने कृती विचारून घेतली. ताकावर निभावणारा, पाणी जपून वापरणारा हा स्वयंपाक आहे, हे तिच्या चटकन लक्षात आलं. माझ्या ते पानात वाढून झाल्यावरही लक्षात आलं नसतं.

ऊन उतरल्यावर गडीसरला गेलो. गडीसर म्हणजे जैसलमेरचं तळं. चौदाव्या शतकात महारावळ घडसी यांनी ते बांधवून घेतलं, आणि विसाव्या शतकाचा अर्धा भाग उलटून गेला तोवर हे शहर त्याच पाण्यावर जगलं. तळ्यात छत्र्या आहेत, काठाला घाट आहेत आणि शिरताना एक देखणी कमान लागते. तिला टीलों की पोल म्हणतात. ती टीलो नावाच्या एका गणिकेने बांधवली अशी आख्यायिका आहे. राजघराण्यातल्या बायकांनी तिच्या कमानीखालून पाणी आणायला जायचं कसं, म्हणून ती पाडायचं घाटत होतं. तेव्हा तिने कमानीवर कृष्णाचं देऊळ बसवून टाकलं. देऊळ कोण पाडणार?

या तळ्याविषयी मी पूर्वी वाचलं होतं ते अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या पुस्तकात. त्यांचा जन्म १९४८ मधला आणि तोही वर्ध्याचा. म्हणजे आमच्या चांदूरहून याच लोहमार्गावर चार-सहा स्टेशनं पलीकडे जन्मलेल्या माणसाने वाळवंटाची पाण्याची विद्या देशाला समजावून दिली. पुस्तकावर त्यांनी आपला हक्कही ठेवला नाही. ज्याला छापायचं त्याने छापावं, म्हणाले. त्यांनीच लिहिलं आहे, की गडीसर भरलं की त्याचं जास्तीचं पाणी वाया जात नसे. ते पुढच्या तळ्यात, तिथून त्याच्या पुढच्या, असं करत नऊ तळ्यांमध्ये फिरे. गोविंदसर, गुलाबसर, सूदासर अशी त्यांची नावं. आणि ज्या जमिनीवरचं पाणी तळ्यात येई तिला ‘आगोर’ म्हणत. आगोर अंगणासारखा स्वच्छ ठेवायचा, पावसाळ्याआधी झाडून काढायचा, हे सगळ्या गावाचं काम असे. आता त्या आगोरात बांधकामं झाली आहेत. इंदिरा गांधी कालव्याने पंजाबातल्या नद्यांचं पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आणलं, आणि गावाची तळ्यावरची भिस्त संपली. आम्ही गेलो तेव्हा तळ्यात पर्यटकांच्या नावा फिरत होत्या.

आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. मी सौ.ला पुस्तकात वाचलेलं आणखी थोडं सांगू लागलो. वाळवंटातली माणसं पाण्याच्या तीन जाती मानतात. थेट पावसाचं, तळ्या-टाक्यात साठवलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीचं ते पाताळ पाणी, आणि ते बहुधा खारट. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी पाणी. काही भागांत वाळूच्या खाली खडूसारख्या दगडाचा पट्टा असतो. पावसाचा ओलावा त्याच्यावर अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे अरुंद कुंई खणली, की तो ओलावा थेंबाथेंबाने गोळा होतो.

हे ऐकून ती थक्क होईल, असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे नाई का असंच?”

आणि मला एकदम आठवलं. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वरती काळीभोर जमीन, आणि खाली विहीर खणली तर पाणी खारं. पीकही त्यावर येत नाही आणि डाळही शिजत नाही. नळ येईपर्यंत त्या गावांचा जीव गावतळ्यांवर आणि पावसाच्या पाण्यावर होता. तिची आई दोन कोसांवरून गोडं पाणी आणायची. जे मी पुस्तकात वाचलं, ते तिने डोक्यावर वाहिलेलं होतं. तेहेतीस वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

“म्हनूनच,” तळ्याकडे पाहतच ती बोलली, “चांदूरच्या घरी आली तवा आपला आड पाहून मले केवढा आनंद झाला होता. घरातच गोडं पानी. माहेरी पत्र धाडलं होतं मी, का आमच्या घरी आड हाये.”

मी काही बोललो नाही. कारण पुढचं मला माहीत होतं. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात आजोबांच्या वेळचा, विटांनी बांधलेला आड होता. १९९८ मध्ये घराचं काम काढलं, तेव्हा मी तो बुजवला. त्याच्यावर न्हाणीघर बांधलं. “नळ आहे, आता आड कशाला?” हे माझंच वाक्य. “बुजू नोका,” एवढंच ती म्हणाली होती. मग गप्प बसली. घरातली माणसं माझ्या बाजूने होती, गवंडीही माझ्याच बाजूने होता.

पुढे पाण्याची गरज वाढली, तशा मी दोन बोअर घेतल्या, त्या कोरड्या गेल्या. त्यांचा खर्च मी सगळ्यांना ऐकवत आलो. पण आमच्या गल्लीत नळाची वेळ पहाटे चारची, आणि त्या वेळी रोज कोण उठतं, हे मी कधी मोजलं नाही. तिथे घाटावर बसून मोजलं. तेहेतीस वर्षं म्हणजे बारा हजारांवर पहाटा. त्यांतल्या माझ्या वाट्याच्या किती? ती बाळंतपणाला गेली तेव्हाच्या, आणि एकदा टायफॉइडने पडली होती तेव्हाच्या. हॉटेलात पाऊल टाकताच बादली भरायला धावणाऱ्या बाईला मी सकाळी हसलो होतो.

जैसलमेरला वर्षाकाठी दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या अमरावती जिल्ह्यात आठशेच्या आसपास पडतो, म्हणजे चौपट. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट आम्हीच पाहतो. गाडीतल्या त्या म्हाताऱ्याच्या घरच्या बायकांचा प्रश्न खरा होता. इतकं पाणी आम्ही ठेवतो तरी कुठे? ठेवायच्या जागा होत्या. आड होते, गावतळी होती, बारवा होत्या. नळ आला त्या दिवशी आम्ही त्यांचा निरोप घेतला. नळ वाईट नाही. दोन कोस चालणाऱ्या बाईच्या डोक्यावरची घागर त्याने उतरवली, हे विसरून चालणार नाही. चूक झाली ती नळ आला म्हणून बाकीचं सगळं मोडीत काढलं, ही. जैसलमेरच्या किल्ल्यात तेच झालं, गडीसरच्या आगोरात तेच झालं आणि माझ्या मागच्या अंगणातही तेच झालं.

“आपण आड पुन्हा मोकळा करू,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. “आधी न्हानीघर कुठी नेता थे सांगा.”

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अजूनही पुरतं नाही. गवंड्याला बोलावून दाखवलं आहे. भराव उपसायला किती दिवस लागतील आणि खाली विटा शाबूत असतील का, हे उपसल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तो म्हणतो. तोवर निदान छपरावरचं पाणी तरी एका टाक्यात धरावं, असं सौ.चं मत आहे. यंदा मी मध्ये बोललो नाही.

अंधार पडल्यावर किल्ल्यावर परतलो. वाटेत तिने एक पितळी लोटी विकत घेतली. खोलीत आल्यावर न्हाणीतल्या भरलेल्या बादलीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. ओतून तर द्यायची नव्हती. त्या एका बादलीत आम्ही दोघांनी हातपाय धुतले, तिने दोन रुमाल धुऊन टाकले आणि उरलेलं पाणी खालच्या अंगणातल्या तुळशीला घातलं. म्हातारी दारातून पाहत होती. तिने मान डोलावली. चांदूरहून आणलेल्या कॅनमधलं घोटभर पाणी सौ.ने तिला नव्या लोटीतून दिलं. म्हातारीने ते वरून धार धरून प्यायलं आणि गोड आहे म्हणाली.

रात्री थंडी पडली. पहाटे मला जाग आली तेव्हा घड्याळात चार वाजले होते. सवयीने सौ. उठून बसली होती. अंधारात चाचपडत तिचा हात चप्पल शोधत होता.

“झोप,” मी म्हणालो, “आज नळ माझ्याकडे.”

ती पुन्हा आडवी झाली. नळ सोडायचा नव्हताच, तरी मी उठलो. न्हाणीत जाऊन तो घट्ट बंद आहे ना, एवढं पाहिलं आणि झरोक्यापाशी येऊन उभा राहिलो. खाली गाव झोपलेलं होतं आणि किल्ल्याच्या भिंती चांदण्यात राखाडी दिसत होत्या. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

“अवो, तुम्हाले सवय नाई. थंडी लागन. शाल घ्या.”